चांदीला अक्कांचा धाक

साऱ्या कोल्हापुरात चांदी काळी पडायला कुणाला भीत असेल, तर ती माझ्या बायकोच्या थोरल्या मावशीला. हे मी जावयाच्या तोंडदेखल्या कौतुकाने म्हणत नाही. माझ्या वाट्याला त्यांच्याकडून कौतुकापेक्षा बोलणीच जास्त आली आहेत. पण डोळ्यांनी पाहिलेलं नाकारायचं कसं? आमच्या घरात महिन्याभरात तव्यासारखी होणारी पैंजणं त्यांच्या कपाटात वर्षभर दुधासारखी पांढरी राहतात. त्यांचं माहेर नेसरीकडचं. तिथून कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यामुळे राग आला किंवा घासाघीस रंगात आली की त्या सरळ कानडीत जातात. प्राथमिक शाळेत उभी हयात पोरं हाकली, आणि निवृत्त झाल्यावर पोरांची जागा अंगठ्या, लॉकेटं आणि कानातल्यांनी घेतली. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते म्हणून मीही म्हणतो. त्या मला 'जावईबापू' म्हणतात, अहोजाहो करतात, आणि एवढा आदर राखून चारचौघांत माझी बिनपाण्याने करतात.

सोन्याचं अक्कांना वावडं आहे. ज्या गावात लग्नाच्या बैठकीत आधी साजाचं वजन निघतं आणि मग मुलाचं शिक्षण, त्या गावात राहून हे वावडं सांभाळणं सोपं नाही. "सोनं लॉकरात जाऊन बसतं आणि बाई मोकळ्या गळ्यानं फिरती. मग त्याचा उपेग काय?" असं त्या भर हळदीच्या कार्यक्रमात विचारतात, आणि तेही मुलीच्या आईला. त्यांचं म्हणणं एवढंच की बाईच्या अंगावर रंग पाहिजे आणि तो तिच्या स्वतःच्या पैशांत बसला पाहिजे. चांदीत बसवलेला खरा खडा, मग तो करंगळीच्या नखाएवढा का असेना, कुणालाही परवडतो, फक्त तो घेता आला पाहिजे. या एका 'घेता आला पाहिजे'साठी त्यांनी आमच्या गल्लीतली नर्स, एसटीतली कंडक्टर, शाळेतली शिपाईण अशा कितीतरी बायकांना हाताला धरून गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, नेलं आहे. डाळिंबी गार्नेट, जांभळे खडे, मोती, पोवळी, निळा फिरोजा. गल्लीत हळदीकुंकू असलं की अक्का दारात उभ्या राहून एकेकीचे हात आणि गळे अशा न्याहाळत, की शाळा तपासणीला आलेल्या साहेबांनीसुद्धा कधी फळे तसे न्याहाळले नसतील.

त्यांच्याबरोबर दुकानात जाणं हा एक अनुभव आहे. मी तो सात-आठ वेळा घेतला आहे आणि दर वेळी दुकानदाराची कीव करत परत आलो आहे. ज्या दुकानात त्या जातात त्याचा मालक नातवंडांचा आजोबा आहे, पण अक्कांच्या लेखी तो 'तम्मा', म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. तम्मा मला "या पावणं, बसा" म्हणतो, चहा मागवतो आणि मग कपाळावरचा घाम पुसत अक्कांसमोर ट्रे मांडतो. अक्का अंगठी उचलतात ती उलटी. खडा पुढून बघायचा नसतो, पाठीमागून बघायचा असतो, हा त्यांचा पहिला नियम. "तम्मा, ह्याची पाठ का झाकलीया? आत पन्नी लावलीया व्हय?" आरपार दिसणाऱ्या खड्याची पाठ उघडी हवी, फिरोजासारख्या न दिसणाऱ्याची बंद असली तरी चालते. मग खडा ओठाला लावतात. खरा खडा गार लागतो आणि बराच वेळ गार राहतो, काच लगेच ऊबदार होते. मग फुंकर. खऱ्या खड्यावर धरलेली वाफ बघता बघता उडते, काचेवर रेंगाळते. मग भिंगातून आतला बुडबुडा शोधायचा, मग पदराला बांधलेलं लोहचुंबक, मग आतल्या बाजूचा शुद्धतेचा शिक्का, आणि शेवटी मलमलीचा तुकडा खड्याला धरणाऱ्या चारी काट्यांवरून हलकेच ओढायचा. धागा अडकला की अंगठी परत. "आज धागा अडकला, उद्या लुगडं अडकंल, परवा खडा गटारीत." एवढं सगळं झाल्यावर भावाची बोलणी. तम्मा छातीवर हात ठेवून शेवटचा भाव सांगतो, अक्का "बेडा" म्हणून, म्हणजे नको म्हणून, उठतात, चप्पल घालतात आणि इतक्या सावकाश घालतात की दुसरी चप्पल पायात जाईपर्यंत तम्माचा भाव उतरलेला असतो.

आमच्या बँकेतले मॅनेजरसाहेब एकदा घरी जेवायला आले होते. मधल्या बोटात सुपारीएवढा नीलम, शनीसाठी घातलेला, कुठल्याशा मोठ्या शहरातून मागवलेला. अक्का त्या दिवशी नेमक्या आमच्याकडे. त्यांनी साहेबांचा हात असा काही प्रेमाने हातात घेतला की साहेबांना वाटलं म्हातारी भविष्य बघतेय, आणि त्यांनी तळवा वर केला. अक्कांनी तो उलटा केला, नीलमावर एक फुंकर मारली आणि वाट बघत बसल्या. आम्हीही सगळे ताट पुढ्यात घेऊन वाट बघत बसलो. वाफ काही हलेना. "साहेब," अक्का म्हणाल्या, "ही काच हाय. शनीला एवढंबी कळत न्हाय असं वाटलं व्हय तुमास्नी?" माझी बढती त्या वर्षी डोळ्यांसमोर होती. मी भात कालवण्यात डोकं खाली घातलं. पण साहेब दुसऱ्या आठवड्यात मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "त्या तुमच्या मावशी कधी मोकळ्या असतात?" त्यानंतर साहेबांनी तम्माकडून मिसेससाठी मोत्याची कुडी घेतली, आणि शनीचं काय केलं ते मी विचारलं नाही.

काळी पडलेली चांदी बघून ती कशाने काळी पडली हे अक्का सांगतात, तेव्हा मात्र अंगावर काटा येतो. बायकोची साखळी हातात घेऊन त्या एकदा म्हणाल्या, "पन्हाळ्याला गेलता. चढून घाम आला. आल्यावर न पुसता तशीच डबीत टाकली." आम्ही खरोखरच चार दिवसांपूर्वी पन्हाळ्याला गेलो होतो, आणि त्यांना सांगितलंही नव्हतं. शेजारच्या काकूंना म्हणाल्या, "केसाला रंग लावताना अंगठी काढायला काय हुतं गं तुला?" काकूंच्या केसांना रंग असतो ही बातमी गल्लीला त्या दिवशी कळली. त्यांचे नियम मला पाठ आहेत. दागिना सगळ्यात शेवटी घालायचा, पावडर-अत्तर सगळं झाल्यावर. आणि घरी आलं की सगळ्यात आधी उतरवायचा. उतरवला की मऊ कापडाने पुसायचा. प्रत्येकाला मलमलीची स्वतंत्र पिशवी, कारण कठीण खडा मऊ खड्याला ओरखडतो. डबीत खडूचा एक तुकडा, म्हणजे दमट हवा खडू पिऊन टाकतो. शाळा सुटली तरी अक्कांचे खडू सुटले नाहीत ते असे. रबरबँडला तर घरात बंदी. मी एकदा जोडी सुटू नये म्हणून चांदीच्या कड्यांनाच रबरबँड गुंडाळून ठेवला. आठवड्याने त्यावर काळा पट्टा उमटला. अक्कांनी तो पट्टा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि बायकोला म्हणाल्या, "जावईबापूस्नी बँकेत नोटांची बंडलं बांधू दे. घरात हात लावू देऊ नगं."

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी अक्कांच्या गच्चीवर गल्लीतली सगळी चांदी धुतली जाते. हा रिवाज त्यांनीच पाडला. सकाळी बायका आपापल्या पिशव्या घेऊन येतात, अक्का मधे पाटावर बसतात आणि दागिन्यांची वर्गवारी सुरू होते. पहिला वर्ग पैलवानांचा: बिनखड्याची नुसती चांदी. तिच्यासाठी पातेल्याच्या तळाला डबा गुंडाळायचा चंदेरी कागद, वर खाण्याचा सोडा, मीठ आणि कढत पाणी. पैलवान त्यात पडले की फसफसतं, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि पाच मिनिटांत काळं सगळं कागदाकडे निघून जातं. दुसरा वर्ग शाळकरी पोरांचा: गार्नेटसारखे कठीण खडे. त्यांना रिठ्याचं कोमट पाणी आणि लहान मुलांचा दात घासायचा मऊ ब्रश. आणि तिसरा वर्ग बाळंतिणींचा. मोती, पोवळं, फिरोजा. यांना पाण्यात घालायचं नाही, ओलसर मलमलीने नुसतं टिपायचं. "बाळंतिणीला उकळत्या पाण्यात ढकलशीला व्हय?" असं दर वर्षी दर नव्या बाईला ऐकावं लागे. माझ्याकडे पाणी तापवून वर आणण्याचं काम असे, आणि एवढ्या जोखमीच्या दिवशी मला गच्चीवर प्रवेश मिळतो याचाच मला अभिमान वाटे.

गेल्या वर्षी अक्कांची विद्या आणखी वरच्या पायरीला गेली असं आम्हा सगळ्यांना वाटू लागलं होतं. भिंग त्यांनी बाजूला ठेवलं. दुकानात ट्रेकडे न बघताच हात पुढे करत, खडा ओठाला लावत आणि "हं" म्हणत. पैंजण कुणाचं ते घुंगरांच्या आवाजावरून सांगत. तम्मा हात जोडून मला म्हणाला, "पावणं, डोळं झाकून वळाखत्यात बघा. ही देवाची देणगी हाय." मी बँकेत जाऊन हे चार जणांना सांगितलं. कुणाच्याही मनात दुसरी शंका आली नाही, माझ्या तर नाहीच. आज ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

गेल्या वर्षीच्या त्या रविवारी सुशीला आली होती. सुशीला एका खानावळीत भाकऱ्या थापते. अक्कांनीच तिला तिच्या पहिल्या साठवलेल्या पैशांतून फिरोजाचं लॉकेट घेऊन दिलं होतं. अंगठ्याच्या नखाएवढा खडा, निवळलेल्या आभाळासारखा निळा, मागून चांदीची सपाट पाठ. तिच्या आयुष्यातला स्वतः निवडून घेतलेला तो पहिला दागिना. पीठ आणि चुलीची धग लागू नये म्हणून ती तो फक्त सणाला घाले, एरवी पिशवीत, खडूशेजारी. घेताना अक्का तिला म्हणाल्या होत्या, "जपून ठेव. कुणी कायबी सांगितलं तरी माझ्याबिगर कुणाच्या हातात धुवायला देऊ नगं." तिने दिलं नाही.

कुणाची ते न विचारताच अक्कांनी सुशीलाची पिशवी उघडली. नेहमीच्या सवयीने लॉकेट उलटं धरलं, पाठीवरून अंगठा फिरवला. सपाट, गुळगुळीत चांदी. "पैलवान," त्या म्हणाल्या आणि लॉकेट पहिल्या पातेल्यात सोडलं. मी नुकतंच कढत पाणी ओतलं होतं. मी ते पडताना पाहिलं, सुशीलानेही पाहिलं, आणि आम्ही दोघंही गप्प बसलो. अक्कांनी काही नवीन शोधून काढलं असेल असं मला वाटलं. तिला काय वाटलं ते तिलाच माहीत.

पाच मिनिटांनी अक्कांनी चिमट्याने लॉकेट काढलं, पुसलं आणि सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं. चांदी लखलखत होती. मधला खडा मात्र मेला होता. निळा रंग गेला होता, त्या जागी हिरवट, मातकट, विटक्या भिंतीसारखं काहीतरी उरलं होतं.

"बघा!" अक्का हसून म्हणाल्या. "कसं चमकाय लागलंय बघा की!"

अक्कांचा हात तसाच वर. त्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होत्या आणि त्यांना एकही तोंड नीट दिसत नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. मग सुशीलाच म्हणाली, "व्हय अक्का. लई झ्याक झालंय." तिचा आवाज अगदी साधा होता. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचा आवाजसुद्धा होऊ नये म्हणून तिने ते तसंच वाहू दिलं.

हे इथेच मिटलं असतं. आम्ही सगळ्यांनी ते मिटवलंच असतं. पण अक्कांनी हात खाली घेतला, लॉकेट उलटवलं आणि ओठाला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. फिरोजाची गुळगुळीत कांती सोड्याने खाल्ली होती, ती त्यांच्या ओठाला खडूसारखी खरखरीत लागली असणार.

"सुशे," त्या म्हणाल्या, "खोटं बोलतीस व्हय गं माझ्यासंगं?"

"न्हाय अक्का, थोडा रंग उतरलाय, चालतंय की."

"चालत न्हाय." अक्का उभ्या राहिल्या. चाळीस पोरांच्या वर्गाला शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा त्यांचा आवाज, तो त्यांनी पूर्ण लावला. खालून जाणारा भाजीवालासुद्धा थांबला. "सगळ्यांनी ऐका. सुशीच्या खड्याला मी उकळून मारलं. तिची चूक न्हाय, पाण्याची न्हाय, खड्याची न्हाय. मला सा-सात म्हैनं झालं, मधलं सगळं धुरकट दिसतंय. कडंचं दिसतंय, मधलं न्हाय. मी सांगितलं न्हाय, कारण सांगितलं असतं तर तुम्ही आला नसतासा. आता ज्याला आपली पिशवी न्यायची हाय त्यानं न्यावी."

त्या पाटावर परत बसल्या आणि हात मांडीत ठेवून वाट बघू लागल्या. इतकी मोठी बाई मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. चूक कुणाच्या लक्षात येण्याआधी ती झाकणारी माणसं मी बँकेत रोज बघतो, मीही त्यातलाच. इथे सगळे झाकायला तयार असताना एक बाई ती उघडी करत होती, आणि तीही जिच्या जोरावर गल्लीत मान मिळाला ती एकच गोष्ट पणाला लावून. पिशवी कुणीच उचलली नाही. उलट कंडक्टरबाई पुढे सरकून म्हणाल्या, "अक्का, वर्ग सांगा. आम्ही बघतो, तुम्ही सांगा." दुपारपर्यंत चांदी धुऊन झाली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि अक्कांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. पडद्याचा आजार होता. गेलं ते परत येणार नाही, उरलं ते सुया टोचून राखता येईल, असं डॉक्टर म्हणाले. "डोळ्यात सुई?" एवढंच अक्कांनी विचारलं, आणि "घ्या मग टोचून" म्हणाल्या. तिथून बाहेर पडल्यावर रिक्षा घराकडे वळली नाही. सुशीलाला खानावळीतून उचललं आणि आम्ही तिघं तम्माच्या दुकानात.

तम्माने ट्रे मांडला. अक्का खुर्ची भिंतीकडे सरकवून बसल्या. "आज ही बघणार," त्या म्हणाल्या. सुशीला घाबरून म्हणाली, "मला कुठं कळतंय अक्का?" मग तिने पिठाने भेगाळलेल्या बोटांनी एक लॉकेट उचललं. पाठ बघितली, ठेवून दिलं. दुसरं उचललं, कडेवरून मलमल ओढली, धागा अडकला, ठेवून दिलं. तिसरं ओठाला लावलं, डोळे मिटले, उघडले आणि तम्माला म्हणाली, "ह्यो खडा न्हाय, रंगवलेला हाय. ह्यो कोंबट लागतोय." तम्मा चहाचा कप हातात घेऊन तिच्याकडे बघतच राहिला. भिंतीजवळ बसलेल्या अक्कांचा चेहरा मी पाहिला. इतक्या वर्षांत त्या चेहऱ्यावर असं समाधान मी एकदाही पाहिलं नव्हतं. पाचवं लॉकेट सुशीलाने पसंत केलं, आणि भाव ऐकून ती चप्पल घालायला उठली तेव्हा मला हसू आवरेना.

पैसे अक्कांनी दिले. सुशीला नको नको म्हणत होती, पण तिथे कुणाचं चाललंय? मेलेला खडा मात्र अक्कांनी लॉकेटासकट तिच्याकडून मागून घेतला आणि काळ्या दोऱ्यात ओवून स्वतःच्या गळ्यात घातला. तेव्हापासून तो तिथेच आहे. कुणी विचारलं की सगळी हकिगत सांगतात, एक शब्द गाळत नाहीत.

परवा संध्याकाळी मी त्यांना सुई टोचून घरी घेऊन आलो. डोळ्यावर पट्टी होती. खुर्चीत बसल्यावर त्यांनी गळ्यातलं लॉकेट चाचपलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, एक सांगा. ह्याचा रंग आता कसला झालाय? मी बघितलाच न्हाय की वो कधी."

मला लाल आणि डाळिंबी यांतला फरक सांगता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी मी जवळ बसलो, लॉकेट उजेडाकडे वळवलं आणि पहिल्यांदाच एखादा खडा नीट बघितला. बराच वेळ बघितला. "हिरवा आहे अक्का," मी म्हणालो. "रंकाळ्याच्या कडेला सावलीत पाणी असतं, तसला. थोडा राखाडी. आणि एका कोपऱ्यात, अगदी कडेला, अजून जरासा निळा शिल्लक आहे."

"हाय?"

"आहे."

आयुष्यभर ज्या बाईने दुसऱ्याच्या शब्दावर एक मणीसुद्धा घेतला नव्हता, तिने लॉकेट ओठाला लावलं नाही, अंगठाही फिरवला नाही. नुसती मान हलवली आणि म्हणाली, "मग असंल."

निळा होताच तिथे, तिळाएवढा. तरीही मी पुन्हा पुन्हा वाकून बघत होतो.